‘तक्रारीचं निवारण झालं आहे’: एका फायबर लाइनचे एकतीस दिवस

पहिल्या दिवशी संध्याकाळी पावणेसहाला आईसमोरच्या पडद्यावर पंख्याचं चित्र होतं. पक्षाघाताचा झटका आल्यापासून तिची वाचा अडली आहे. बोललेलं सगळं समजतं, काय म्हणायचं तेही मनात पक्कं असतं, पण शब्द ओठांशी येऊन थांबतो. डॉक्टर याला अफेझिया म्हणतात. वाचा-उपचार करणाऱ्या ताई आठवड्यातून चार दिवस, साडेपाच ते सव्वासहा, व्हिडिओ कॉलवर येतात आणि तिच्याकडून एकेक शब्द काढून घेतात. आईनं ओठ मिटले, ‘पं’ म्हणाली, पुन्हा ओठ मिटले, आणि तेवढ्यात ताईंचा चेहरा पडद्यावर थिजला. आवाजही गेला. लाइन गेली हे आईच्या लक्षात आलं नाही. आपण चुकलो म्हणून ताई गप्प झाल्या असं तिला वाटलं, आणि तिनं मान फिरवली.

तिथून पुढचे एकतीस दिवस मी एका मोठ्या टेलिकॉम कंपनीच्या कस्टमर केअरशी बोलत होते. सात तक्रार क्रमांक, टेक्निशियनच्या तीन फेऱ्या, आणि माझ्या फोनच्या यादीप्रमाणे सहा तासांहून जास्त वेळ कॉलवर. बिघाड शेवटी सापडला, तो शर्टाच्या बटणाएवढा होता. एवढ्याशा बिघाडाला महिना का लागला, ते मी इथे क्रमानं मांडते आहे. कंपनीचं नाव घेत नाही. जे घडलं ते एकाच कंपनीत घडतं असं मला वाटत नाही, आणि ज्यांच्याशी मी बोलले त्यातले बहुतेकजण मनापासून मदत करायला बघत होते.

आधी त्या डब्याबद्दल. फायबरची तार घरात ज्या पांढऱ्या डब्यात येते त्याला ओएनटी म्हणतात. त्यावर एक दिवा असतो, त्याच्याखाली ‘एलओएस’ असं लिहिलेलं असतं. तो लाल झाला याचा अर्थ एकच: तारेतून प्रकाश पोचत नाही, किंवा डब्याला वाचता येईल इतका पोचत नाही. वाय-फाय खराब असेल तर हा दिवा लागत नाही. संध्याकाळी सगळे एकदम इंटरनेट वापरतात म्हणून वेग मंदावला, तरीही लागत नाही. ताईंचा चेहरा थिजला तेव्हा मी डब्याकडे गेले आणि तो लाल दिवा बघितला. म्हणजे पहिल्या पाच मिनिटांतच बिघाड कुठल्या जातीचा आहे ते दिसलं होतं. पुढे महिनाभर हीच एक गोष्ट मी सांगत राहिले, आणि ती लिहून घ्यायला समोरच्यांच्या फॉर्मवर जागाच नव्हती.

पहिला कॉल. भाषा निवडा, सेवा निवडा, नोंदणीकृत क्रमांक टाका, मग संगीत, मग ‘आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’. एकवीस मिनिटांनी एक मुलगी बोलायला आली. आवाज थकलेला होता, पण बोलणं नीट होतं. तिनं डबा बंद करून दोन मिनिटांनी चालू करायला सांगितलं. चालू केला, दिवा हिरवा झाला. ‘आता चालू आहे ना मॅडम?’ मी म्हटलं, हो. ‘आणखी काही मदत?’ मी म्हटलं, नाही. फोन ठेवायच्या आत मेसेज आला: आपल्या तक्रारीचं निवारण झालं आहे.

माझी मोठी चूक तिथे झाली. त्या प्रश्नाला ‘हो’ हे खरं उत्तर होतं, पण प्रश्न बिघाडाबद्दल नव्हताच. त्या क्षणी लाइन चालू आहे का, एवढंच तिला विचारायचं होतं, आणि त्या ‘हो’वर तक्रार बंद झाली. पुढे मी एक वाक्य पाठ केलं: ‘आत्ता चालू आहे, पण बिघाड गेलेला नाही. तक्रार उघडी ठेवा.’ हे वाक्य मला सुचायला सहावी तक्रार यावी लागली. ज्यांची लाइन मधूनमधून जाते त्यांनी ते पहिल्याच दिवशी वापरावं.

तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच, साडेपाचच्या सुमाराला. यावेळी एक मुलगा होता. त्याला आधीची तक्रार दिसत होती, पण फक्त ‘बंद’ एवढाच शेरा. आत काय लिहिलं होतं ते त्याला उघडत नव्हतं, किंवा उघडून वाचायला वेळ नव्हता. मी पहिल्यापासून सांगितलं. लाल दिवा म्हटल्यावर तो थोडा थांबला, मग म्हणाला, ‘मॅडम, माझ्याकडे तुमची लाइन ऑनलाइन दाखवते आहे.’ तोपर्यंत ती खरंच परत आली होती. त्यानं तिकडूनच वाय-फायचा चॅनेल बदलला. तक्रार बंद. कारणाच्या रकान्यात ‘ग्राहकाचा वाय-फाय’ असं लिहिलं गेलं, हे मला फार नंतर कळलं.

सहाव्या दिवशीच्या तक्रारीवर टेक्निशियन मिळाला. तो सातव्या दिवशी सकाळी अकराला आला. तार काढून प्रकाश मोजायच्या मीटरला लावली, मीटरवर उणे २२ आलं. ‘एकदम ओके आहे, काकू,’ असं तो आईला म्हणाला. आईनं मान हलवली. मी त्याला संध्याकाळी थांबायची विनंती केली. त्यानं फोन काढून दिवसभराची यादी दाखवली, पुढची घरं वाट बघत होती. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. सकाळी अकराला लाइन खरोखरच चांगली होती.

दहाव्या दिवशी ‘गर्दीची वेळ’ हे कारण मिळालं आणि जास्त वेगाचा प्लॅन घ्या असा सल्ला. लाल दिव्याचा आणि गर्दीचा संबंध नाही, हे मी दोनदा समजावलं. पलीकडच्या बाईंनी शांतपणे ऐकलं आणि ‘नोंद घेते’ म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी कुणाचाही फोन न येता तक्रार बंद झाल्याचा मेसेज आला. चौदाव्या दिवशी पाचव्या तक्रारीवर दुसरा टेक्निशियन आला आणि डबाच बदलून गेला. पंधराव्या आणि सोळाव्या दिवशी लाइन एकदाही गेली नाही. आम्ही सुटलो असं वाटलं. आईनं त्या दोन दिवसांत ‘पंखा’ म्हटलं, ‘दार’ म्हटलं. सतराव्या दिवशी पावणेसहाला पुन्हा लाल.

ते दोन दिवस आभाळ भरलेलं होतं. हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

सतराव्या दिवशी मला राग आला होता, आणि त्या रागातच मी कागद घेतला. त्याआधी मी प्रत्येक नव्या माणसाला तोंडी हकिकत सांगत होते आणि प्रत्येक जण ती आपापल्या चौकटीत बसवत होता. कंपनीच्या बाजूला माझ्या बिघाडाची आठवण ठेवणारं कुणीच नव्हतं. प्रत्येक क्रमांक नवा, प्रत्येक माणूस नवा, आणि आधीच्या पाचही क्रमांकांवर ‘सुटली’ असा शेरा. म्हणजे त्यांच्या नोंदीत माझा एकच बिघाड पाचदा सुटला होता. ही आठवण ठेवायचं काम आता मलाच करायचं होतं.

ओएनटीच्या आतलं एक पान ब्राउझरमधून उघडता येतं. आमच्या डब्यावर त्यात ‘ऑप्टिकल पॉवर’ असा आकडा दिसत होता. तो डीबीएममध्ये असतो आणि उणे असतो. उणे ३० डीबीएम म्हणजे एक मायक्रोवॅट प्रकाश. आकडा तीननं घसरला की प्रकाश निम्मा होतो. घरोघरच्या फायबरसाठी जीपॉन नावाची जी पद्धत सर्रास वापरतात, तिच्यातल्या नेहमीच्या डब्याला उणे ८ ते उणे २७ या पट्ट्यातला प्रकाश वाचता येतो. त्याच्या थोडं खाली गेलं की डबा आंधळा होतो आणि लाल दिवा लावतो. एका फायबरचा प्रकाश स्प्लिटरमधून अनेक ठिकाणी बत्तीस घरांत वाटला जातो. नुसत्या त्या वाटणीतच आकडा पंधरानं घसरतो, म्हणून घरापर्यंत येईतो हातात फारशी शिल्लक राहत नाही.

मी चार दिवस दर तासाला आकडा लिहिला. सकाळी नऊला उणे २२.१. दुपारी दोनला उणे २२.६. चारला उणे २४.८. पाचला उणे २६.३. साडेपाचला उणे २७.४, पावणेसहाला लाल. साडेसातला परत उणे २५ च्या आसपास, रात्री दहाला उणे २२.३. चारही दिवस वळण तेच, फक्त मिनिटं थोडी पुढेमागे. चौथ्या दिवशी त्या रकान्यांकडे बघताना ऊन डोक्यात आलं. गच्चीवर पश्चिमेकडच्या भिंतीला आमच्या इमारतीची फायबरची सामाईक पेटी आहे. दुपारी तीनपासून तिच्यावर थेट ऊन असतं. आणि डबा बदलल्यावर जे दोन दिवस बरे गेले ते ढगाळ होते.

सहाव्या तक्रारीत मी हे आकडे घेऊन चॅटवर गेले. तिघांकडे फिरवलं गेलं. प्रत्येकानं सुरुवातीला ‘आपली समस्या थोडक्यात सांगाल का?’ असं विचारलं. तिसऱ्यानं लिहिलं की ऑप्टिकल पॉवर ही तांत्रिक बाब आहे, ती ग्राहकाकडून घेता येत नाही. तक्रार उघडी ठेवा असं मी तिथे पहिल्यांदा ठामपणे म्हटलं. त्यानं ठेवली. अठ्ठेचाळीस तासांनी ती आपोआप बंद झाली.

होल्डवर बसून बसून माझ्या डोक्यात एक जुना विषय परत आला, तो इथे सांगते, कारण या प्रकरणाचं एक मूळ तिथे आहे. आगनर क्रारुप एरलांग हा डॅनिश गणितज्ञ कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत होता. टेलिफोनच्या कॉलवरचा त्याचा पहिला निबंध १९०९ चा, आणि ज्या सूत्रांवर आजही कॉल सेंटरमध्ये किती माणसं बसवायची ते ठरतं, ती १९१७ ची. तासाला १०० कॉल येतात आणि प्रत्येकाला ६ मिनिटं लागतात असं धरा. म्हणजे दहा माणसांचं सलग काम. दहाच बसवली तर रांग वाढतच जाते. अकरा बसवली तर सरासरी सुमारे चार मिनिटं वाट बघावी लागते. बारा बसवली तर दीड मिनिटाच्याही आत. एका माणसानं इतका फरक पडतो.

आता दुसऱ्या बाजूनं बघा. त्या १०० कॉलपैकी २० कॉल माझ्यासारख्यांचे आहेत, म्हणजे आधीच्या वेळी न सुटलेल्या बिघाडाचे, असं समजा. पहिल्याच खेपेला ते बिघाड सुटले असते तर तासाला ८० कॉल उरतात, आणि त्याच अकरा माणसांत वाट अर्ध्या मिनिटावर येते. माणूस एकही वाढवलेला नाही. माझ्या पहिल्या ‘हो’नंतरचे सगळे कॉल त्या रांगेत कुणातरी दुसऱ्याची वेळ खात होते. अपुऱ्या माणसांमुळे रांग लागते हे आपल्याला दिसतं. बंद केलेल्या पण न सुटलेल्या तक्रारी ती रांग फुगवतात, ते कंपनीच्या कुठल्याच तक्त्यात उमटत नाही, कारण तक्त्यात त्या तक्रारी सुटलेल्या आहेत.

कॉल सेंटरच्या धंद्यात ८०/२० हे उद्दिष्ट जुनं आहे: शंभरातले ऐंशी कॉल वीस सेकंदांच्या आत उचलायचे. एका कॉलला सरासरी किती वेळ लागला हेही मोजतात. ही दोन्ही मापं फोन उचलण्याची आणि ठेवण्याची आहेत. मधे बिघाडाचं काय झालं याचं माप ती देत नाहीत. फोनवरच्या मुलीला संध्याकाळच्या वेळेचा टेक्निशियन पाठवायचा अधिकार नव्हता. तिच्या पडद्यावर ‘सकाळ’ आणि ‘दुपार’ एवढेच दोन पर्याय होते, असं तिनंच मला सांगितलं. तिनं माझ्यासाठी दहा मिनिटं जास्त घालवली असती तर ती तिच्या सरासरीत दिसली असती. आणि तिनं माझा बिघाड खरोखर शोधून काढला असता तर ते कुठेच दिसलं नसतं. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्यावर मला तिच्यावर रागावता येईना.

बावीसाव्या दिवशी मी फोन करणं थांबवलं आणि लेखी तक्रार केली, कस्टमर केअरच्या वरच्या पायरीकडे. अशी पायरी अनेक देशांत असते आणि बहुतेक ग्राहक तिथपर्यंत जात नाहीत. भारतात २०१२ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक टेलिकॉम कंपनीला तक्रार केंद्राच्या वर अपील प्राधिकरण ठेवावं लागतं. तक्रारीला डॉकेट क्रमांक द्यावा लागतो आणि अपिलाचा निकाल ३९ दिवसांत लागायला हवा. ऑस्ट्रेलियात १९९३ पासून टेलिकॉमसाठी स्वतंत्र लोकपाल आहे. अमेरिकेत संघीय दळणवळण आयोगाकडे तक्रार गेली की कंपनीला ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ब्रिटनमध्ये १ एप्रिल २०१९ पासून अशी योजना आहे की तिच्यात सामील कंपन्यांनी पूर्ण बंद पडलेली सेवा दोन कामकाजाच्या दिवसांत सुरू केली नाही, तर ग्राहकानं न मागता भरपाई द्यायची. पण या बहुतेक दारांवर पहिला प्रश्न हाच असतो की कंपनीकडे आधी तक्रार केली होती का, आणि तिचा क्रमांक काय. म्हणून क्रमांक, तारीख, वेळ आणि बोलणाऱ्याचं नाव पहिल्या कॉलपासून लिहून ठेवलेलं बरं. मी ते सतराव्या दिवशी सुरू केलं. आधीचे क्रमांक मेसेजमधून शोधून काढावे लागले.

पत्र मी तीनदा लिहिलं. पहिल्या खर्ड्यात दीड पान राग होता. तो खरा होता, पण वाचणाऱ्याला त्यातून करण्यासारखं काही मिळत नव्हतं. तिसरा खर्डा एका पानाचा झाला, आणि तोच पाठवला:

‘हा एकच बिघाड आहे. खालील सहा तक्रारी याच बिघाडाच्या असून सहाही न सुटता बंद झाल्या आहेत. दररोज ऊन असताना दुपारी चारनंतर ऑप्टिकल पॉवर घसरते आणि पावणेसहाच्या सुमाराला एलओएस लाल होतो. चार दिवसांचे तासावार आकडे सोबत जोडले आहेत. डबा बदलून झाला आहे, फरक पडलेला नाही. ढगाळ दिवशी बिघाड होत नाही. माझी विनंती एवढीच आहे: संध्याकाळी पाच ते सहा या वेळात टेक्निशियन पाठवावा, आणि गच्चीवरची सामाईक पेटी उघडून बघावी. ती पेटी उघडून बघितल्याशिवाय ही तक्रार बंद करू नये. या वेळेत घरातल्या रुग्णाचा वाचा-उपचार असतो.’

शेवटचं वाक्य घालावं की नाही यावर मी बराच वेळ घालवला. आईच्या आजाराचा आधार घ्यावा लागू नये असं वाटत होतं. लाइन कुणाचीही असो, ती चालायला हवी. पण ते खरं होतं, आणि वेळेचं कारण त्यातच होतं, म्हणून ठेवलं.

तीन दिवसांनी फोन आला. पलीकडच्या गृहस्थांनी पत्र वाचलेलं होतं. त्यांनी मला काहीही पहिल्यापासून सांगायला लावलं नाही. ‘तुमचे आकडे बघितले. सातवा क्रमांक देतो, तो माझ्या नावावर राहील,’ असं म्हणाले. एकवीस मिनिटांचं होल्ड, बंद झालेल्या सहा तक्रारी, ते सगळं बाजूला राहिलं आणि मला त्या एका वाक्यानं भरून आलं. आपला बिघाड कुणाच्यातरी नावावर आहे, एवढंच मी तीन आठवडे मागत होते.

एकोणतिसाव्या दिवशी सव्वापाचला टेक्निशियन आला. सातव्या दिवशी आलेलाच. आधी त्यानं घरात मीटर लावलं: उणे २६.८. तो काही बोलला नाही, पुन्हा एकदा तार पुसून लावली, पुन्हा तेच. मग त्यानं पेनाएवढी लाल लेझर घरातल्या तारेच्या टोकाला लावली आणि आम्ही गच्चीवर गेलो. पेटीचं झाकण तापलेलं होतं, हाताला चटका बसत होता. झाकण निघालं आणि आत एका कोपऱ्यात, काळ्या क्लिपखाली, केसाएवढ्या तारेचा एक वेढा लालभडक पेटलेला दिसला. बाकी सगळीकडे तार शांत होती. तेवढ्याच एका वळणातून प्रकाश बाहेर सांडत होता.

वेढा शर्टाच्या बटणाएवढा होता. साध्या फायबरला तीस मिलिमीटरपेक्षा कमी त्रिज्येचं वळण देऊ नये असा दंडक आहे. वळण सोसणाऱ्या खास तारा असतात, त्यातल्या चांगल्या साडेसात मिलिमीटरपर्यंत चालतात. आमचा वेढा तार बसवताना उरलेली लांबी कोंबून झाकणाखाली दाबलेला होता. ऊन लागलं की प्लॅस्टिकचं वेष्टन फुगतं, लांबतं, आणि वेढा झाकणाच्या कडेवर आणखी आवळला जातो. रात्री थंड झालं की सैल होतो. सकाळी अकराला मीटर ‘एकदम ओके’ का म्हणालं, याचं उत्तर तिथे होतं.

आणखी एक गोष्ट त्या पेटीपाशी उभं असताना कळली. घराकडे येणारा प्रकाश १४९० नॅनोमीटरचा असतो आणि घराकडून एक्सचेंजकडे जाणारा १३१० चा. तारेचं वळण जास्त तरंगलांबीच्या प्रकाशाला जास्त छळतं. म्हणजे आमच्या वेढ्यात येणारा प्रकाश जितका सांडत होता तितका जाणारा सांडत नव्हता. एक्सचेंजकडून आमच्या डब्याचा प्रकाश मोजणाऱ्याला लाइन आमच्यापेक्षा बरी दिसणार. ‘माझ्याकडे ऑनलाइन दाखवते आहे’ असं म्हणणारा तो मुलगा खोटं बोलत नव्हता.

त्यानं तार कापली, नवा जोड वितळवून घेतला, त्यावर नळी आकसवून बसवली आणि उरलेली लांबी मोठ्या वेढ्यात ट्रेमध्ये गुंडाळली. पस्तीस मिनिटं लागली. खाली येऊन मीटर लावलं: उणे २१.४. ऊन अजून पेटीवर होतं. तार परत डब्याला लावल्यावर आईचा कॉल सुरू झाला, आम्ही दाराशी उभे राहून ऐकत होतो, आणि ताई म्हणत होत्या, ‘घाई नाही, पुन्हा म्हणा.’

दोन दिवस आकडा हलला नाही. एकतिसाव्या दिवशी त्या गृहस्थांचा फोन आला, विचारून मग त्यांनी सातवी तक्रार बंद केली. त्या महिन्याचं भाडं माफ झालं. मी आणखी एक मागितलं: आधीच्या सहा तक्रारींवरचे ‘ग्राहकाचा वाय-फाय’, ‘गर्दीची वेळ’ हे शेरे बदलून खरं कारण लिहावं. बंद तक्रारीत बदल करायची सोय यंत्रणेत नाही, असं त्यांनी सांगितलं. ते त्यांनाही पटलेलं नव्हतं, आवाजावरून कळत होतं. मी ते लेखी कळवलं आहे. उत्तर अजून आलेलं नाही.

हे शेरे मला का टोचतात ते सांगते. गच्चीवर पेटी उघडी असताना टेक्निशियननं बोट करून दाखवलं होतं: त्याच झाकणाखाली आणखी दोन वेढे तसेच दाबलेले होते. मी म्हटलं, दादा, हेही करून टाका ना. तो म्हणाला, ‘त्यांची तक्रार नाही, मॅडम. तक्रारीशिवाय दुसऱ्याच्या लाइनला हात लावला तर मलाच विचारतील.’ झाकण लावताना त्यानं ते दोन वेढे बोटानं जरा सैल केले, एवढंच त्याच्या हातात होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी वरच्या मजल्यावर गेले. दार एका आजोबांनी उघडलं. इंटरनेट कसं चालतं असं विचारल्यावर ते म्हणाले, ‘चालतं की. संध्याकाळी जरा अडखळतं, गर्दी असते ना. मागे तक्रार केली होती, त्यांनी सांगितलं तसं.’ मी त्यांच्या डब्याचं पान उघडलं. वेळ पाच वाजून चाळीस मिनिटं, आकडा उणे २६.६. माझ्या कागदाची कोरी प्रत सोबत नेली होती, पहिल्या ओळीत तो आकडा लिहिला. मग आजोबांनी चष्मा लावला, कंपनीचा नंबर फिरवला आणि फोन स्पीकरवर ठेवला. भाषा निवडा, म्हणाला.